लॉबीतली खाडी

वसई तालुक्यात निसर्गावर प्रेम करणारी माणसं पुष्कळ आहेत. पण ज्याच्या प्रेमाने खुद्द निसर्गालाच अवघडल्यासारखं होत असेल असा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला आहे. साडू हे मोठं चमत्कारिक नातं. भाऊ म्हणावं तर रक्ताचा नाही, मित्र म्हणावं तर निवडलेला नाही. एका घरच्या दोन बहिणींनी आपापल्या वेळी एकेक चूक केली, एवढाच दोघांमधला दुवा. आमची पहिली भेट माझ्याच लग्नात झाली. मी मुंडावळ्या बांधून, घामाघूम होऊन उभा. लोक येत होते, आहेर देत होते, फोटो काढून घेत होते. एक उंच, वाळकुडा माणूस आला, त्याने माझा हात हातात घेतला आणि अतिशय दुःखी चेहऱ्याने विचारलं, "दारातल्या केलीच्या खांबाची पानं कोनी तासली? केल असा उभा र्‍हातो काय कधी?" मी मूळचा साताऱ्याकडचा, नोकरीपायी इकडे आलेला; केळ कशी उभी राहते याची मला काहीच कल्पना नव्हती. मी बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून हळूच म्हणाली, "आमचे भावोजी. चित्रं काढतात." पुढे लग्नाचा अल्बम आला तेव्हा कळलं, की ग्रुप फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि हे एकटेच खांबाकडे.

साडूंचं घर सांडोरला, माझ्या सासुरवाडीच्याच गावात. पुढे घर, मागे केळीची वाडी, मध्ये विहीर. घरात शिरायचं तर आधी वाडीतून एक फेरी मारावी लागते आणि प्रत्येक झाडाची प्रकृती ऐकून घ्यावी लागते. मी एकदा घाईत होतो म्हणून सरळ ओटीवर जाऊन बसलो, तर दोन महिने माझ्याशी तुटक बोलत होते. त्यांच्याबरोबर रस्त्याने जाणं म्हणजे आणखी शिक्षा. स्कूटरवर मागे बसलेला माणूस पोचेल कधी याचा नेम नाही, कारण वाटेत पिंपळाचं एखादं जाळीदार पान दिसलं की स्कूटर जिथल्या तिथे थांबते. मागून टेम्पोवाले शिव्या घालतात. हे हात वर करून त्यांना शांतपणे सांगतात, "जरा थांबा, पान हाय." एका टेम्पोवाल्याने उतरून खरोखर ते पान पाहिलं, आणि हाच माणूस तालुक्यातला एकमेव सुसंस्कृत रसिक, असं साडू आजतागायत सांगतात.

इतका निसर्गवेडा माणूस पोटासाठी काय करत असेल? सातिवलीला एका कारखान्यात प्लास्टिकची पानं रंगवत होता. तोरणं, हार, कुंडीत खोचायच्या वेली. तिथे रंग मिसळण्याचं काम साडूंनी वीस-बावीस वर्षं केलं. हिरव्याच्या एवढ्या छटा त्यांनी काढल्या, की मालक म्हणायचा, गिऱ्हाइकाला दोनच कळतात, एक हिरवा आणि दुसरा जास्त हिरवा. बरीच वर्षं सुखाने गेली. मग एक दिवस साडूंना राहवेना. केळीच्या प्लास्टिक पानांच्या एका मोठ्या ऑर्डरला त्यांनी कडेने तपकिरी रंग दिला, मधोमध करपा रोगाचे ठिपके काढले आणि पानं वाऱ्याने फाटतात तशी कात्रीने फाडली. माल परत आला. मालकाने बोलावून जाब विचारला तेव्हा साडू म्हणाले, "शेठ, ज्या पानाला अली-किडापन तोंड लावत नाय, ते पान मानसानं दाराला का बांधावं?" शेठने शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला. तेव्हापासून साडू पूर्ण वेळ चित्रकार झाले, आणि थोरली मेव्हणी, जी शाळेत शिकवते, ती पूर्ण वेळ चिंतेत असते.

चित्रकार म्हणून साडूंचा एकच नियम आहे. समोर असेल तेच काढायचं. नसेल ते काढायचं नाही, मग ते कितीही सुंदर असो. हा नियम ऐकायला फार उदात्त वाटतो, पण नातेवाइकांना तो महागात पडतो. आम्ही नायगावला फ्लॅट घेतला तेव्हा बायकोने हौसेने सांगितलं, "भावोजी, हॉलसाठी काहीतरी छान काढा. मोर वगैरे." साडू अकराव्या मजल्यावर आले, एक अख्खी दुपार बाल्कनीत उभे राहिले आणि निघून गेले. वास्तुशांतीच्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं चित्र घेऊन हजर. सगळ्यांसमोर कागद काढला. शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी, टाकीचा पाइप आणि पाइपवर बसलेला एक भलामोठा कावळा. कावळा उत्तम होता. त्याच्या मानेवरची राखी छटा पाहून मीसुद्धा थक्क झालो. पण गुरुजींनी हातातली पळी खाली ठेवली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "घरात कोणाचं काही करायचं राहून गेलंय का?"

तो कावळा आता आमच्या वॉशिंग मशीनच्या मागे असतो. सगळ्या नात्यात हीच तऱ्हा. साडूंचं चित्र एकाच्या पोटमाळ्यावर आहे, एकाच्या दाराआड आहे, आणि एका महाभागाने तर फुटलेल्या तावदानाच्या जागी बसवलं आहे. साडूंना हे सगळं ठाऊक आहे. ते त्या घरी गेले की न बोलावता पोटमाळ्यावर चढतात, चित्रावरची धूळ पुसतात, खाली येऊन चहा पितात. कधी कुरकुर नाही. एकदाच, माझ्याच घरी, वॉशिंग मशीन सरकवून कावळ्याची विचारपूस करून झाल्यावर म्हणाले, "एक तरी भिंत पायजे होती रे. येता-जाता मानसाची नजर पडेल अशी. बाकी काय नको." मी काहीतरी थातूरमातूर बोलून विषय बदलला. ते वाक्य मात्र काट्यासारखं राहिलं.

मुंबईत त्यांची कदर झाली नाही असं मात्र नाही. कोणीतरी त्यांची चार चित्रं एका सामूहिक प्रदर्शनात लावली. प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंनी सांगितलं, कलाकाराने आपल्या कामामागची भूमिका लिहून द्यायची असते. साडूंनी लिहून दिलं, "केली माज्या वाडीतल्या हायत. चित्र मी काढलाय. केली बघायच्या तर सांडोरला या." बाई म्हणाल्या, केवढं थेट! त्यांनी ते जसंच्या तसं, चुकांसकट मोठ्या अक्षरांत भिंतीवर छापलं, आणि लोक चित्रं सोडून त्या अक्षरांबरोबर फोटो काढू लागले. एक दाढीवाले गृहस्थ मात्र एका चित्रापुढे अर्धा तास उभे होते. शेवटी साडूंकडे वळून म्हणाले, "मला यात अनुपस्थिती जाणवते." साडू म्हणाले, "बरोबर. तिथं घड होता. शेजाऱ्यानं कापून नेला." त्यानंतर साडूंनी मुंबईचा नाद सोडला आणि स्वतःच्या वाडीतच प्रदर्शन भरवलं. ज्या झाडाचं चित्र, ते त्याच झाडाशेजारी टांगलेलं. पाहुणे यायचे, चित्र बघायचे, झाड बघायचे, म्हणायचे, "अगदी हुबेहूब!" आणि हे ते झाडाला उद्देशून म्हणायचे. जाताना सगळ्यांनी केळी नेली. चित्र एकानेही नेलं नाही. साडू खुशीत होते.

आता त्यांच्या चिकाबद्दल सांगायला हवं. हा चीक म्हणजे केळीचा. पाण्यासारखा असतो, अंगावर उडाला तरी कळत नाही. वाळला की तपकिरी होतो, मग काळपट, आणि मग कापड विरेल पण डाग जाणार नाही. म्हणून सांडोरच्या बायका घड उतरवायला जाताना जुनंच लुगडं नेसतात. साडूंच्या मात्र झाडून साऱ्या शर्टांवर हे डाग आहेत, लग्नातल्या शर्टासकट, कारण ते चित्राच्या रेषा चिकानेच काढतात. केळीच्या देठाचा तुकडा घ्यायचा, त्याचंच टोक कागदावर फिरवायचं. आधी काहीच दिसत नाही. हे कोऱ्या कागदाकडे मोठ्या समाधानाने बघत बसतात, आणि दोन-चार दिवसांनी झाड हळूहळू वर येतं. वर मग पातळ रंग देतात. "रंग कोनीपन देल," ते म्हणतात, "डाग पडला पायजे."

आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे. कसा झालो, तर ज्या सभेत निवड होती तिला मी गैरहजर होतो. एकदा सभेत विषय निघाला, की लॉबीची भिंत मोकळी दिसते, तिथे काहीतरी निसर्ग पाहिजे. खाडी बुजवून उभ्या केलेल्या टॉवरमध्ये राहणाऱ्या माणसांना निसर्गाची फार ओढ असते. एकाने धबधबा सुचवला, एकीला हरणं हवी होती, तिसऱ्याला पूर्वेकडे तोंड करून धावणारे सात घोडे. चेअरमनना बर्फाचे डोंगर आवडतात. भांडण चिघळायला लागलं तेव्हा मी बोलून गेलो, "आमचे साडू चित्रकार आहेत. घरचा माणूस." घरचा माणूस म्हटल्यावर सगळ्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्या संध्याकाळी साडूंचा तीनदा फोन आला. भिंत किती लांब, ऊन येतं का, आणि तिसऱ्यांदा, जरा चाचरत, "मानसं तिथं थांबतात की नुसती जातात?" मी म्हटलं, थांबावंच लागतं, लिफ्ट फार वेळ लावते. मग म्हणाले, "लिफ्ट हलू हाय ते बरा झाला."

साडू आले ते घडाच्या देठांचं पोतं घेऊन. पहिले दोन दिवस वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून नुसते भिंतीकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी उठले आणि देठ फिरवायला लागले. भिंतीवर अर्थातच काही दिसेना. चौथ्या दिवशी चेअरमननी मला गाठलं. "सेक्रेटरीसाहेब, तुमचे पाहुणे सकाळपासून भिंतीला पाणी लावतायत." मी म्हटलं, पाया तयार करत असतील. मग एका सकाळी दूध आणायला गेलेली मंडळी ओरडतच वर आली, की भिंतीवर काहीतरी उमटतंय. साडूंनी वरून रंग दिले, आणखी चार दिवसांनी हात धुतले, आणि चित्र पुरं झालं. त्यात धबधबा नव्हता, हरणं नव्हती, घोडा तर एकही नव्हता. होती ती ओहोटीची खाडी. तीन हिस्से चिखल, कडेला तिवरांची झुडपं, एक वाकडातिकडा मातीचा बांध, बांधापलीकडे भाताची खाचरं आणि चिखलात पाय रोवून उभे दोन बगळे. ओल्या चिखलावर उन्हाची जी चकाकी त्यांनी आणली होती ती मला आजही कशी आणली ते कळलेलं नाही. सभासद रांगेने येऊन बघत होते आणि माझ्याकडे बघत होते.

मला टोमणा मारायची संधी मिळाली ती मी सोडली नाही. म्हटलं, "साडूभाऊ, समोर असेल तेच काढता ना तुम्ही? इथे समोर पार्किंग आहे." ते देठांचा कचरा पोत्यात भरत होते. म्हणाले, "ही जागा माज्या आजोलची. हितं मामाची खाचरं. तुजी लिफ्ट हाय ना, तिथं बांध होता. भरती आली की माजी आय तिथं उभी र्‍हायची, पानी बांध चढतंय का बघायला." मग पोत्याचं तोंड बांधत म्हणाले, "तिचा एकपन फोटो नाय. समोर नाय, मंग काढू कशी? म्हनून जागा काढली." मी त्यांच्याकडून देठांचं पोतं घेतलं आणि कचऱ्याच्या गाडीपर्यंत नेऊन दिलं. दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

महिनाभरात तक्रारी सुरू झाल्या. पाहुणे विचारतात, लॉबीत गळती आहे का? फ्लॅट बघायला आलेलं एक जोडपं तपकिरी भिंत बघून दारातूनच परत गेलं. वॉटरप्रूफिंगवाला आला, त्याने बगळ्यांच्या पोटावर टकटक करून पाहिलं आणि 'आतून ओल आहे' असा निर्वाळा दिला. चित्र आहे म्हणून सांगितलं तर म्हणाला, चित्राच्या मागे आहे. शेवटी ठराव झाला, भिंत पांढरी करून घ्यावी आणि त्यावर धबधब्याचं मोठं स्टिकर लावावं. ठरावाखाली सेक्रेटरीची सही लागते. मी केली. विरोध केला असता तर फार काय झालं असतं, चार लोक रागावले असते. पण मला चार लोक रागावलेले सोसत नाहीत. बायकोला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. राग आला की ती माहेरच्या बोलीत जाते. "आता हे सांगायला तुमीच जा सांडोरला," ती म्हणाली, "नि माज्या बहिनीच्या घरचा पानी प्यायला थांबू नका."

मी गेलो. त्या दिवशी वाडीतली फेरी अगदी सावकाश मारली, प्रत्येक झाडाची चौकशी केली. साडू कलत्या केळीला बांबूचा टेकू देत होते. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी टेकू नीट बसवला, दोरी आवळली, आणि विचारलं, "रंग कोनता मारनार?" मी म्हटलं, साधा, पांढरा. "चूक," ते म्हणाले. "साध्या पान्याच्या रंगाला चीक जुमानत नाय. दहा हात मारलेस तरी वर येल. आधी ऑइल प्रायमर मारायला सांग, मंग वरनं रंग. मंग काय दिसनार नाय. सातिवलीला आमी तेच करायचो." म्हणजे आपलं चित्र कायमचं कसं पुसावं याची कृती त्यांनी मला स्वतः सांगितली, आणि पेंटरला नाव लक्षात राहावं म्हणून सिगारेटच्या पाकिटावर लिहूनही दिली. निघताना केळ्यांची एक फणी हातात ठेवली. दारापर्यंत सोडायला मात्र आले नाहीत. टेकूपाशीच उभे होते.

दुसऱ्या दिवशी पेंटर आला. ते पाकीट माझ्या खिशात होतं. त्याने डबा उघडला आणि विचारलं, "साहब, सीधा मार दूँ ना?" शेजारी चेअरमन उभे होते. मी खिशात हात घातला, पाकीट चाचपलं, आणि म्हटलं, "मारो." आयुष्यात मी केलेलं हे एकमेव धाडस, आणि तेही गप्प बसण्याचं.

आठव्या दिवशी बांध वर आला. मग तिवरं. चेअरमननी दुसरा हात मारायला लावला. बगळे पहिल्यापेक्षा ठळक झाले. वॉटरप्रूफिंगवाल्याने वरच्या मजल्यावरच्या एका सज्जनाचं बाथरूम फोडून पाहिलं. धबधब्याचं स्टिकर घेऊन आलेला माणूस भिंतीला हात लावून म्हणाला, ओल्या भिंतीवर टिकणार नाही, आणि धबधबा गुंडाळून परत गेला. आमची बायको रोज संध्याकाळी भाजी आणण्याच्या निमित्ताने खाली जायची आणि वर येऊन बातमी द्यायची, "आज खाचरं आली." ती माझ्याशी पुन्हा नीट बोलायला लागली होती. मी पाकिटाबद्दल तिला काही सांगितलं नव्हतं. पण सांडोरच्या मुलीला केळीच्या डागाबद्दल काय सांगायचं?

तिसरा हात मारल्यानंतर मात्र वेगळंच घडलं. लिफ्टच्या दाराशेजारी, जिथे चित्रात दाट तिवरं होती, तिथे पूर्वी कधी न दिसलेला एक डाग आला. आधी आम्हाला वाटलं खोड आहे. मग पदर दिसला, कमरेशी खोचलेला. मग कपाळावर आडवा धरलेला हात. रंग पांढऱ्याखाली गेले होते आणि फक्त चीक वर येत होता, आणि त्या जागी साडूंनी देठ पुन्हा पुन्हा फिरवला असणार, कारण सगळ्या भिंतीवर तेवढीच आकृती काळीभोर होती. त्यांनी काढली होती, आणि वर दाट रंगाची झुडपं काढून झाकून टाकली होती. लिफ्टची वाट बघणारी माणसं तिच्यासमोर थांबू लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, बाई कोणाची तरी वाट बघते. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, पाऊस बघते. एकदा तर चेअरमनच मला विचारत होते, "अहो, ती बाई नक्की काय बघते हो?" मी म्हटलं, पाणी बांधावर येतंय का ते. चेअरमननी वळून पार्किंगकडे पाहिलं. चौथ्या हाताचा विषय तेव्हापासून सभेत येतो आणि 'पुढील सभेत विचार व्हावा' असं मी इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहितो.

साडू बरेच महिने आमच्याकडे फिरकले नव्हते. गेल्या महिन्यात बायकोने काहीतरी निमित्त काढून जेवायला बोलावलं. मी खाली न्यायला गेलो. ते लॉबीत शिरले आणि लिफ्टपाशी येऊन एकदम थांबले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "प्रायमर नाय मारला?"

"विसरलो," मी म्हटलं.

"पाकिटावर लिवून दिलेला."

"पाकीटच विसरलो."

त्यांनी वॉचमनकडून प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली, भिंतीसमोर मांडली, पिशवीतून वही आणि पेन्सिल काढली. मी म्हटलं, "साडूभाऊ, जेवण गार होईल." त्यांनी वही गुडघ्यावर टेकवली. "होव दे," ते म्हणाले. "आता समोर हाय."

लिफ्ट आली, दार उघडलं, मिटलं आणि ती वर गेली. मग पुन्हा आली. मी दोन्ही वेळा सोडून दिली.